रिकॉम्बिनंट केराटिन-१४: प्रोटीन चांगलं, लेबलाला शून्य

व्हायलवरचं लेबल टिकत नाही. मानवी केराटिन-१४ (त्वचेच्या पेशींना बळकटी देणारं प्रोटीन) मागवायच्या विचारात असाल तर आधी हे वाचा, मग डेटाशीट. ई. कोलाय या जिवाणूत तयार केलेलं (रिकॉम्बिनंट म्हणतात ते हेच), शुद्ध करायला सोपं जावं म्हणून हिस-टॅगची छोटी शेपटी जोडलेलं, ८ मोलर म्हणजे चांगल्या दाट युरियात विरघळवलेलं, ही नेहमीचीच कुंडली. आम्ही ते तोंडाच्या कॅन्सरच्या नमुन्यांबरोबर वेस्टर्न ब्लॉटला (प्रोटीनं आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीने ओळखायची चाचणी) पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून, म्हणजे हमखास दिसायलाच हवा असा नमुना म्हणून लावतो. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, पण इथे संभाजीनगरात नमुन्यांची वाट बघावी लागली असं काही आठवत नाही.

पार्सल आलं एप्रिलमध्ये, तेही शनिवारी भर दुपारी. मुंबईहून निघताना ड्राय आइस होता म्हणे. इथे खोका उघडला तर त्याचा मागमूस नाही, आत घामेजलेली व्हायल तेवढी. पुसायला गेले तर लेबल बोटाला चिकटून आलं, शाई पसरलेली, लॉट नंबरातले शेवटचे आकडे गायब. डीलरने कंपनीकडे बोट दाखवलं. कंपनीचं उत्तर आलं: तक्रार नोंदवण्यासाठी लेबलवरील लॉट नंबरचा सुस्पष्ट फोटो पाठवा. अहो, तक्रारच लेबलाची आहे! बिलावर लॉट नंबर नाही, खोक्यावर नाही. आणि तो नाही म्हणून त्या लॉटचं शुद्धतेचं सर्टिफिकेटही वेबसाइटवरून उतरवता येत नाही. लोणच्याच्या बरणीवरचं लेबल तेलाचे हात लागून वर्षभर टिकतं, आणि वजा ८० ला ठेवायच्या वस्तूचं दवाने निघतं. आमचे लॅबमधले मामा म्हणाले, "मॅडम, उगं कशाला डोकं लावायलात, हे लोक ऐकत नसतेत." थर्माकोलचा डबा त्यांनी घरी नेला, त्या पार्सलमधला पहिला फायदा तोच.

तेव्हाच एक स्टार देऊन मोकळी होणार होते. आज साडेतीन देते. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, दिवाळी उलटली, तरी बँड जसाच्या तसा आहे. साधारण ५२ किलोडाल्टनपाशी (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक) एकच स्वच्छ रेघ, टॅगमुळे नमुन्यातल्या बँडपेक्षा केसभर वर. खाली तुकड्यांची शिडी नाही. तसं नवलही नाही म्हणा. एन्झाइमं तापली की त्यांची घडी मोडते आणि ती निकामी होतात. इथे युरियाने घडी आधीच उलगडून ठेवलेली, मोडायला उरलंय काय? शिवाय वेस्टर्नला एसडीएस हे डिटर्जंट घालून सगळं सरळच करायचं असतं.

पण म्हणून व्हायल खुशाल उन्हात ठेवू नका हं. युरिया तापला की त्यातून सायनेट तयार होतं आणि ते प्रोटीनमधल्या लायसिन या अमिनो आम्लावर जाऊन बसतं. दर जागेला ४३ डाल्टनची भर. ब्लॉटवर ती दिसायची नाही, मास स्पेक्ट्रोमेट्रीत, जिथे रेणूंचं नेमकं वजन मोजतात, लगेच दिसेल. त्या कामासाठी हे शनिवारचं पार्सल मी वापरलं नसतं. याच कारणाने मी सॅम्पल बफर घालून ९५ अंशांवर उकळत नाही, ३७ ला थोडा वेळ ठेवते, काम होतं. फ्रीझरमधून काढल्यावर तळाशी खडे दिसले तर घाबरू नका, तो युरिया आहे, खोलीच्या तापमानाला हळूहळू विरघळतो.

पीबीएस या साध्या खारट बफरमध्ये थेट पातळ केलंत तर ढगाळ होणार. यात कंपनीचा दोष नाही. केराटिन-१४ प्रकार १ चं, आम्लधर्मी. प्रकार २ चं केराटिन-५ जोडीला असल्याशिवाय त्याचे १० नॅनोमीटरचे तंतू होत नाहीत. दोन्ही समप्रमाणात घेऊन डायलिसिसने, म्हणजे बारीक छिद्रांच्या पडद्यातून, टप्प्याटप्प्याने युरिया काढायचा. जरा घासलं तरी कातडीवर फोड येतात तो आजार, एपिडर्मोलिसिस बुलोसा सिम्प्लेक्स, बहुतेक रुग्णांत याच दोन जनुकांपैकी एकातल्या बिघाडाने होतो (केराटिन-१४ चा संबंध १९९१ मध्ये कळला). त्या विषयावर काम करणाऱ्याला दोन्ही प्रोटीनं लागणारच. पण ती वेगवेगळी विकतात, वेगवेगळ्या किमतीला, जोडीचा सेट नाही. मास स्पेकवाले नमुन्यात शिरणाऱ्या ज्या केराटिनला धूळ आणि कोंडा म्हणून शिव्या घालतात, त्याचेच आम्ही मायक्रोग्रॅमच्या भावाने पैसे मोजतो.

५० मायक्रोग्रॅम एकाच व्हायलमध्ये येतं, तेव्हा उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून घ्या. झाकणात अडकलेला थेंबही पैशाचाच असतो. मग लगेच छोट्या ट्यूबांमध्ये वाटा, म्हणजे पुन्हा पुन्हा वितळवावं लागत नाही. ट्यूबांवर स्वतःच्या हाताने, अल्कोहोलने न पुसल्या जाणाऱ्या मार्करने लिहा. माझं लिहिलेलं अजून शाबूत आहे.

दुसरी व्हायल मागवली आहे, याच कंपनीची, कारण चालू असलेल्या कामात मध्येच कंट्रोल बदलणं परवडत नाही. ऑर्डरवरच लिहून दिलंय: सोमवारीच पाठवणे, लॉट नंबर बिलावर छापणे. डीलर म्हणाला, "मॅडम, पाठवायची तारीख आमच्या हातात नसते." मी म्हटलं, पेमेंटची माझ्या हातात नसते, ती अकाउंट्सच्या हातात असते.