साठ पिनांचा टीव्ही गेम आणि जुन्या कॅसेटी : उन्हाळ्यापासून थंडीपर्यंतच्या वापरानंतर

निन्तेन्दोने १९८३ साली जपानमध्ये आणलेल्या फॅमिकॉम या टीव्हीवर खेळायच्या यंत्राची नक्कल असलेला साठ पिनांचा टीव्ही गेम मी उन्हाळ्याच्या सुरुवातीला बेळगावच्या बाजारातून घेतला, तो केवळ घरी पडून असलेल्या नव्वदच्या दशकातील खेळांच्या कॅसेटी पुन्हा चालाव्यात म्हणून. चित्र स्वच्छ आहे, रंग किंचित भडक आहेत, रिमोटची बटणे कडक असली तरी टिकाऊ वाटतात. यापलीकडे यंत्राविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. सांगण्यासारखे आहे ते कॅसेटींविषयी, कारण यंत्र बिघडले असे समजून लोक ते दुकानात परत नेतात तेव्हा बहुधा दोष कॅसेटच्या पिनांत, म्हणजे यंत्रात बसणाऱ्या कडेवरील धातूच्या पट्ट्यांत असतो.

शहापूर भागातील एका जुन्या टीव्ही मेकॅनिकांनी माझी एक कॅसेट उघडली, आतल्या सर्किटच्या पाटीवर भिंग धरले आणि म्हणाले, ‘‘चिप बरी हाय, पिना बघा की ओ.’’ त्यानंतर मी प्रत्येक बिघाड पडद्यावरून वाचू लागलो. फॅमिकॉमच्या कॅसेटमध्ये खेळाचा प्रोग्राम आणि चित्रे यांचे मार्ग वेगळे असतात. पाटीचा एक अर्धा भाग प्रोसेसरकडे जाणाऱ्या पिनांचा आणि दुसरा चित्रे काढणाऱ्या चिपकडे जाणाऱ्या पिनांचा असतो. त्यामुळे पडदा एकाच रंगाचा राहिला आणि खेळ सुरूच झाला नाही, तर पहिल्या भागाकडे पाहावे; संगीत वाजते, मारिओ उडी मारतो, पण भिंती आणि ढग यांच्या जागी अक्षरांचा कचरा दिसतो, तेव्हा दुसऱ्या भागाकडे. सर्व चित्रांवर दर आठ ठिपक्यांमागे एक उभी रेघ चुकत असेल, तर चित्रांच्या माहितीच्या आठ पिनांपैकी एकीचा संपर्क तुटला आहे असे समजण्यास हरकत नाही, कारण प्रत्येक पिनेवरून आठ ठिपक्यांच्या ओळीतील एका ठिपक्याची माहिती जाते. आवाजाचा बिघाड मात्र सर्वांत फसवा असतो. मूळ फॅमिकॉममध्ये आवाज ४५व्या पिनेने कॅसेटमध्ये जातो आणि ४६व्या पिनेने परत येतो. माझ्या यंत्रातही तीच रचना आहे, त्यामुळे चित्र उत्तम असूनही खेळ मुका राहिला, तर टीव्हीची केबल बदलण्याआधी या दोन पिना पुसाव्यात.

पुसण्याची पद्धत साधी आहे. ९९ टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल इअरबडला लावून पिनांच्या लांबीच्या दिशेने हलकेच फिरवावे, कापूस काळा येणे थांबेपर्यंत. हट्टी डागांवर पांढरा खोडरबर चालतो, परंतु त्याचा चुरा नंतर अल्कोहोलने काढावाच लागतो. पॉलिश पेपर मात्र कधीही वापरू नये. वरचा मुलामा एकदा गेला की तांबे उघडे पडते आणि आमच्याकडच्या पावसाळ्यात ते पुन्हा काळे पडायला फार वेळ लागत नाही. फुंकर मारण्याची लहानपणची सवय तर सोडूनच द्यावी. फुंकर मारल्यावर खेळ सुरू होतो तो बहुधा कॅसेट काढून पुन्हा घातल्यामुळे, आणि तोंडातली वाफ पिनांवर गंज चढवते. खानापूरच्या एका नातेवाइकांकडील कॅसेटींवर हिरवट थर साचला होता, आणि तो त्यांच्या घरच्या ओलीत कसा वाढला असेल हे मला वेगळे सांगावे लागले नाही. माझ्या कॅसेटी आता सिलिका जेलच्या पुड्यांसह बिस्किटांच्या घट्ट डब्यात असतात.

सगळ्या कॅसेटी याच पद्धतीने दोषी ठरू लागल्या, तर मात्र यंत्राच्या खाचेवर संशय घ्यावा. कॅसेट सैल बसत असल्यास खाचेतील, पिनांना टेकणारी पाती थकलेली असतात. माझ्या यंत्रातील पाती सुरुवातीला इतकी घट्ट होती की कॅसेट ओढताना यंत्र उचलले जायचे. वापराने ती सैलावली असली तरी संपर्क अजून चांगला आहे. अडॅप्टरही तपासावा, कारण व्होल्टेज कमी पडल्यास आतला ७८०५ रेग्युलेटर पाच व्होल्ट स्थिर ठेवू शकत नाही आणि चांगली कॅसेटही मध्येच अडकते.

स्वस्तातील कॅसेटींत चिपऐवजी काळ्या राळेचा गोळा असतो. पिना स्वच्छ असून, मल्टीमीटरने प्रत्येक पिनेपासून गोळ्यापर्यंतची रेघ जोडलेली दिसूनही खेळ चालला नाही, तर त्या कॅसेटवर आणखी वेळ घालवू नये. राळेखालची तुटलेली बारीक तार घरी जोडता येत नाही. वेगळ्या चिपा सोल्डर केलेल्या कॅसेटी मात्र दुरुस्त होतात, आणि अनेकदा सैल झालेला पाय पुन्हा सोल्डर करणे एवढेच काम असते.

किमतीच्या मानाने यंत्र समाधानकारक आहे. जुन्या कॅसेटी ज्यांच्याकडे आहेत त्यांनी ते जरूर घ्यावे. घेताना नक्की चालणारी एक कॅसेट सोबत न्यावी आणि दुकानातच ती काढून-घालून चित्र आणि आवाज दोन्ही तपासावेत. खेळांसाठी ‘९९९९ इन १’ची कॅसेट विकत घेण्याचे कारण नाही, तिच्यात तेच मोजके खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा येतात.