माळावर पाणी: मातीचा बांध, बशीचा पाणवठा की कागदाचं शेततळं?

सोलापूरजवळच्या नान्नजच्या बाजूला ज्यांचं पडीक माळरान आहे, किंवा ज्या गावाला गायरानात काळविटांसाठी काही करायचंय, त्यांचा प्रश्न ठरलेला: जेसीबी लावून नाल्यावर मातीचा बांध घालावा, की टँकरने भरायचा सिमेंटचा पाणवठा बांधावा? पैसे दोन्हींपैकी एकालाच पुरतात, म्हणून तुलना.

प्लॅस्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्याचा विषय आधीच मिटवू. द्राक्षाला, डाळिंबाला ते ठीक. पण त्याचा उतार उभा आणि ओला कागद गुळगुळीत. पाण्यात उतरलेला लांडगा किंवा खोकड नखं मारत कडेने फिरत राहतो, वर येऊ शकत नाही, शेवटी दमून बुडतो. प्राण्यांसाठी असलं तळं नवीन करू नका. आधीच असेल तर भोवती कुंपण घाला आणि आत गाठी मारलेले दोर किंवा जुन्या टायरांची माळ सोडा.

आता मातीचा बांध. सोलापूरचा पाऊस वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, त्यातही खरी भिस्त सप्टेंबरवर. म्हणजे तळं भरलं तर भाद्रपदात भरणार. पुढे हिवाळाभर पाणी टिकतं. काठच्या चिखलात तुतवार आणि धोबी हे पक्षी उतरतात, बेडकांची पिल्लं वाढतात, बांधाखालच्या विहिरींनाही थोडा पाझर मिळतो. पण मार्चपासून उघडं पाणी नुसत्या उन्हाने रोज जवळपास सेंटिमीटरभर खाली जातं. तीन महिन्यांत पाऊण मीटरहून जास्त पाणी हवेत, आणि जमिनीत मुरेल ते वेगळंच. म्हणून भाद्रपदात दोन मीटर भरलेलं छोटं तळंही चैत्रात भेगाळलेलं दिसतं. मातीचा बांध पावसाळा लांबवतो, पण उन्हाळ्याची तहान त्याच्या भरवशावर सोडता येत नाही.

बांध टिकण्याबद्दल मात्र शंका नको. हिप्परग्याचा एकरुख तलाव 1871 पासून मातीच्याच बांधावर उभा आहे. खरी अडचण आपल्या मुरमाची. माळावर वीतभर मातीखाली मुरूम लागतो आणि पाणी त्यातून बिनबोभाट निघून जातं. म्हणून बांधाच्या पोटाखाली कठीण थर लागेपर्यंत चर खोदायचा, त्यात काळी माती भरायची, तोच गाभा वर न्यायचा आणि दोन्ही अंगांनी मुरमाचं आवरण द्यायचं. नुसत्या काळ्या मातीचा बांध उन्हाळ्यात भेगाळतो, पहिल्या पुराचं पाणी त्याच भेगांत शिरतं. माती वीतभर जाडीच्या थरांनी टाकून, पाणी मारून, प्रत्येक थर दाबून घ्यायचा. पाण्याकडचा उतार तीनास एक ठेवला तर काळवीट आणि ससा आरामात खाली उतरतात.

कंत्राटदार पैसे वाचवतो तो सांडव्यात, म्हणजे जादा पाणी बाजूने काढून देणाऱ्या वाटेत. आपल्याकडे पाऊस कमी असला तरी येतो तेव्हा तासाभरात महिन्याचा कोटा पुरा करतो. पाणी बांधाच्या माथ्यावरून एकदा वाहिलं की बांध गेलाच. सांडवा बाजूच्या कठीण जमिनीत, वाटतो त्यापेक्षा रुंद. बांधावर झाडं लावू नका, मुळं कुजली की नळ्या होतात. बिळांकडेही लक्ष हवं. 2019 साली तिवरे धरण फुटलं तेव्हा खेकड्यांवर खापर फोडलं गेलं आणि त्याची राज्यभर चेष्टा झाली. पण बिळातून पाणी पाझरायला लागलं की छोटा बांध पोखरला जातो, हे काही खोटं नाही. पुढे गाळ काढायची वेळ आली की हौसेने मुरमापर्यंत खोल जाऊ नका. तळाशी बसलेला बारीक गाळच गळती थांबवत असतो.

सिमेंटचा पाणवठा समजायला सोपा. तीन मीटर व्यासाची, मध्ये फूटभर खोल, कडेला निमुळती बशी. त्यात साधारण हजार लिटर पाणी मावतं. मे महिन्यात ऊनच रोज सत्तरेक लिटर पितं, वर काळविटांचा कळप. म्हणजे आठवड्याला एक खेप धरून चाला. बांधकाम बांधापेक्षा कितीतरी स्वस्त, पण खर्च दरवर्षीचा, आणि टँकर कोण आणणार हे नावानिशी ठरलेलं हवं. पर्यावरणदिनाच्या फोटोपुरते भरलेले पाणवठे आपण पाहिलेत. प्राण्यांना सवय लावून ऐन वैशाखात बशी कोरडी ठेवण्यापेक्षा ती न बांधलेली बरी.

जागेचं भान दोन्हींना सारखंच. पखुर्डी सकाळी थव्याने येते, पाण्यापासून थोडी लांब उतरते, आजूबाजू न्याहाळते आणि मग चालत पाण्याशी जाते. नर पोटाची पिसं भिजवून पिल्लांसाठी पाणी नेतो. त्याला मोकळा काठ हवा. कडेला वेडी बाभूळ किंवा बेशरम माजली की हा पक्षी फिरकत नाही, आडोशाला दबा धरणाऱ्या भटक्या कुत्र्यांची मात्र सोय होते. सलग गवताळ माळाच्या मधोमध मात्र काहीच नको. जे करायचं ते माळाच्या कडेला; बांध तर मुळात नाला आहे तिथेच. काठावर सुशोभीकरणाची झाडं नकोत, तळ्यात मासेही सोडू नका, ते बेडकांची अंडी आणि पिल्लं फस्त करतात.

माझं मत असं: नाला आहे, काळी माती जवळ मिळते आणि वर्षानुवर्षं टँकरमागे धावणारं कोणी नाही, तर बांधच घाला. नाला नाही किंवा खोलवर मुरूमच आहे, तर बांधाच्या नादी लागू नका, बशी बांधा आणि टँकरचे तीन उन्हाळ्यांचे पैसे आधी बाजूला काढा. दोन्ही जमत असेल तर बशी तळ्याच्या वरच्या अंगाला, पुराची रेघ पोहोचते त्याच्या बाहेर बांधा; पाणी हटलं तरी प्राण्यांची वाट तीच राहते. जमीन वनखात्याची किंवा अभयारण्यातली असेल तर लेखी परवानगीशिवाय कुदळ मारायची नाही. मातीकाम संक्रांतीनंतर सुरू करून मृगाच्या आधी सांडव्यासकट पुरं करा, अर्धा बांध पावसात सोडू नका.