मराठीत विज्ञानाच्या बातम्या व्हॉट्सअपवर, पैसे देण्यासारखं आहे का?

पाचपैकी चार स्टार. पाचवा का कापला ते खाली येईलच.

आधी नेमकं काय मिळतं ते सांगते, कारण या सर्व्हिसवाल्यांच्या स्वतःच्या माहितीत ते कुठेच धड लिहिलेलं नाही. रोज सकाळी साडेसातच्या आसपास व्हॉट्सअपवर विज्ञानाची एक बातमी येते, मराठीत, दोनेकशे शब्दांची, सोबत एक चित्र आणि खाली मूळ पेपर, म्हणजे शोधनिबंध, जिथे छापून आला तिथली लिंक, आणि रविवारी एक मोठा ऑडिओ. महिन्याला ९९ रुपये. ठाण्यातलं एक जोडपं घरूनच चालवतं हे सगळं. मी ऐरोलीत राहते, मैत्रिणीने फॉरवर्ड केलेली एक बातमी आवडली म्हणून घेतलं आणि अजून बंद केलेलं नाही.

फुकटात एवढं सगळं मिळतंय तर पैसे कशाला, हा आमच्या ह्यांचा पहिला प्रश्न, आणि प्रश्न चुकीचा नाहीये. बातम्या फुकटच असतात. पैसे त्या रंगाच्या टिकलीचे आहेत असं मी धरून चालते. म्हणजे कसं, प्रत्येक बातमीच्या डोक्यावर एक टिकली असते, हिरवी असेल तर पेपर छापून आलाय आणि दुसऱ्या कुणीतरी तपासूनही तेच निघालंय, पिवळी असेल तर छापून आलाय पण अजून एकाच टीमचं म्हणणं आहे, आणि लाल म्हणजे नुसती प्रेस नोट किंवा कंपनीचा दावा. बस एवढंच. पण एवढंसुद्धा कोणी करत नाही हो. चॅनेलवाले तर नाहीच नाही.

उदाहरण देते. एप्रिल २०२५ मधे के२-१८बी नावाच्या ग्रहाची बातमी आली होती आठवतंय का, १२४ प्रकाशवर्षं लांब, सिंह राशीत, आणि केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या टीमला अवकाशातल्या जेम्स वेब दुर्बिणीच्या डेटात डायमिथाइल सल्फाइडच्या खुणा दिसल्या, जो वायू आपल्याकडे मुख्यतः समुद्रातले सूक्ष्म जीव तयार करतात. त्या दिवशी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एलियन सापडल्याचे लाडू वाटायचेच बाकी होते. या सर्व्हिसवाल्यांनी काय केलं, दोन दिवस गप्प बसले आणि मग पिवळी टिकली लावून बातमी दिली. त्यात सरळ लिहिलेलं की हा सिग्नल तीन सिग्माचा आहे, म्हणजे निव्वळ योगायोगाने तसं दिसायची शक्यता ०.३ टक्के, आणि शोध लागला असं म्हणायला शास्त्रज्ञ पाच सिग्मा मागतात. वर हेही की हाच वायू ६७पी धूमकेतूवरही सापडलाय, तिथे कोणी जीव राहत नाही, त्यामुळे वायू दिसला म्हणजे जीव आहेच असं नाही. पुढे दुसऱ्या टीम्सनी तोच डेटा पुन्हा तपासला आणि सिग्नल इतका पक्का वाटत नाही म्हणाल्या, ते पण यांनी कळवलं. हा फॉलोअप बाकी कुठे मिळतो मला सांगा. एलियन सापडले हे पहिल्या पानावर आणि नाही सापडले बहुधा हे कुठेच नाही.

ताजी बातमी पहिल्यांदा आपणच ग्रुपवर टाकायची अशी हौस असेल तर मात्र ही सर्व्हिस घेऊ नका, हे कायम दोन-तीन दिवस उशिराच असतात. मला चालतं.

मला सगळ्यात आवडलेला मेसेज लघुग्रहाचा. २०२४ वायआर४, डिसेंबर २०२४ मधे सापडलेला, आणि २२ डिसेंबर २०३२ ला तो पृथ्वीवर आदळायची शक्यता फेब्रुवारी २०२५ मधे वाढत वाढत ३.१ टक्क्यांपर्यंत गेली होती. धोक्याच्या पट्ट्यात अरबी समुद्र, दक्षिण आशिया, आणि बातम्यांमधे मुंबईचं नाव. झालं. आमच्या ग्रुपवर एक काका रोज आकडा टाकायचे, आज दीड, आज दोन, आज तीन, आणि खाली हात जोडलेले इमोजी. मग आठवड्याभरात आकडा जवळजवळ शून्यावर आला तर तेच काका म्हणे बघा, हे लोक आपल्यापासून लपवतायत.

यावर यांनी भिशीचं उदाहरण दिलं आणि मला तरी ते तिथल्या तिथे कळलं. भिशीच्या डब्यात बारा चिठ्ठ्या, त्यात एक तुमची. दर महिन्याला दुसऱ्याची चिठ्ठी निघत गेली की तुमचा नंबर लागायची शक्यता आपोआप वाढते, तुम्ही काहीही न करता. लघुग्रहाचंही तसंच, सुरुवातीला मोजमापं कमी असतात त्यामुळे तो २०३२ मधे कुठून कुठून जाऊ शकेल त्याचा पट्टा प्रचंड रुंद असतो, पृथ्वी त्या पट्ट्यातला एक ठिपका. निरीक्षणं वाढली की पट्टा अरुंद होतो, पृथ्वी अजून आत असेपर्यंत तिचा वाटा वाढतो, म्हणून टक्के चढतात. आणि मग एक दिवस पट्टा इतका बारीक होतो की पृथ्वी बाहेर पडते आणि आकडा धाडकन खाली. म्हणजे आकडा चढणं आणि मग पडणं हे ठरल्यासारखंच होतं, कोणी काही लपवलं नाही. हा मेसेज मी ग्रुपवर टाकला. काकांनी अंगठा दिला आणि तेव्हापासून लघुग्रह बंद, आता फक्त पाणी कपातीचे मेसेज येतात.

आमच्या घरी खरा उपयोग झाला तो जुलैत. दरवर्षी जुलै आला की आमच्या बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, तो अल्फेलियनवाला मेसेज येतो. उद्यापासून सूर्य ६६ टक्के लांब जाणार, थंडी वाजणार, सर्दी खोकला होणार, गरम पाणी प्या. बाहेर धो धो पाऊस, बाबांनी कपाटातून स्वेटर बाहेर काढलेला. मी काही बोलले तर "अगं, नासाने सांगितलंय" हे ठरलेलं. यांनी बरोबर त्याच आठवड्यात एक कार्ड पाठवलं. खरा शब्द अपसूर्य, इंग्रजीत अफेलियन, तो दरवर्षी जुलैच्या सुरुवातीला असतोच, तेव्हा सूर्य साधारण १५.२ कोटी किलोमीटरवर आणि जानेवारीत साधारण १४.७ कोटी, फरक तीनेक टक्के. मग बाबांच्या मेसेजमधे एरवीचं अंतर ९ कोटी किलोमीटर लिहिलेलं ते कुठून आलं? बहुतेक मैल आणि किलोमीटरची खिचडी, कारण ९.३ कोटी मैल म्हणजेच १५ कोटी किलोमीटर. हे वाचून बाबा म्हणाले, "म्हणजे लांब असताना जुलै आणि जवळ असताना थंडी?" तर हो बाबा, ऋतू अंतराने नाही, पृथ्वीचा आस कललेला असल्यामुळे होतात. स्वेटर परत कपाटात. अर्थात गरम पाणी चालूच आहे, त्याला माझी हरकत नाही.

आपल्या भागातलं काही निघालं तर हे सोडत नाहीत, हे पण आवडलं. मे २०२५ मधे फ्लेमिंगोंवरचा एक अभ्यास आला होता, फ्लेमिंगो नुसते चिखल गाळून खात नाहीत, ते पाण्यात चक्क भोवरे तयार करतात. डोकं पाण्यात उलटं घालून तळातून झटक्यात वर ओढतात, सेकंदाला ४० सेंटीमीटर वगैरे वेगाने, त्याने भोवरा होतो आणि तळातले बारीक जीव वर येतात, शिवाय पाय आपटून गाळ उठवतात आणि चोच सेकंदाला बाराएक वेळा कटकट उघडतात-मिटतात. अभ्यास अमेरिकेतल्या प्राणीसंग्रहालयातल्या चिलियन जातीच्या फ्लेमिंगोंवर झालेला, आणि यांनी स्पष्ट लिहिलं की ठाणे खाडीतले आपले वेगळ्या जातींचे आहेत, धाकटे (लेसर) जास्त आणि थोरले (ग्रेटर) कमी, तर हे सगळं जसंच्या तसं त्यांना लावू नका. आता खाडी आमच्या घरापासून दहा मिनिटांवर, २०१५ पासून अभयारण्य, २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, पण इतकी वर्षं मी फक्त गुलाबी रांग बघून फोटो काढून परत यायची. त्या मेसेजनंतर ओहोटीला दुर्बीण घेऊन गेलो तर एक जण एकाच जागी पाय मारत गोल गोल फिरत होता, डोकं खाली, आणि त्याच्याभोवती चिखलात अगदी कंपासने काढल्यासारखा गोल उमटलेला. लेक म्हणाली, आई हा नाचतोय. त्याच रविवारी ऑडिओत लोणार घेतलं, जून २०२० मधे पाणी गुलाबी झालेलं ते, खारटपणा वाढल्यावर फोफावणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे, आणि फ्लेमिंगोही जन्मतः गुलाबी नसतो, खाण्यातल्या कॅरोटिनॉइड नावाच्या रंगद्रव्यामुळे होतो, असं दोन्ही जोडून सांगितलं.

आता तक्रारी. एप्रिल २०२५ मधेच तो डायर वुल्फ आला होता, अमेरिकेतल्या कंपनीचा, आणि इथे यांनी माती खाल्ली. "हजारो वर्षांपूर्वी नष्ट झालेला लांडगा परतला" असं हेडिंग आणि वर टिकली हिरवी!! कंपनीचा दावा म्हणजे यांच्याच नियमाने लाल. खरं काय होतं तर आजच्या ग्रे वुल्फच्या पेशींमधे १४ जीन्सवर २० बदल केलेले. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती केली पण ती वेगळ्याच बातमीच्या शेवटी, बारीक अक्षरात. ज्यांनी आदल्या दिवशीचं फॉरवर्ड केलं त्यांना काय कळणार? टिकलीचेच पैसे घेता तर टिकली चुकली की दुरुस्ती पण ठळकच हवी. अर्धा स्टार इथे गेला.

उरलेला अर्धा ऑडिओत. विषय चांगले असतात, माहिती पक्की, पण पहिली पाच-सहा मिनिटं नुसतं स्वागत, आभार, मागच्या वेळच्या श्रोत्यांची नावं. मुद्द्यावर या की. रेकॉर्डिंगमधे मागे कुकरची शिट्टी येते ती मला खरं तर आवडते.

बाकी, कार्डवरची अक्षरं बारीक आहेत, बाबांना झूम करावं लागतं. पैसे ऑटोपेवर जातात, बंद करायचं तर यूपीआय अॅपमधूनच करा, यांना मेसेज करून उत्तर यायला आठवडा लागतो. मुलांच्या परीक्षेसाठी म्हणून घेणार असाल तर दहावी-बारावीच्या सिलॅबसशी याचा काही संबंध नाही. वार्षिक प्लॅन घ्यायची घाई करू नका, महिनाभर बघा आधी, आणि ऑडिओ दीड स्पीडवर लावा.