‘लिटल विमेन’: काही महिने उशाशी ठेवल्यावर

लुइसा मे अल्कॉटची ही कादंबरी घेणार असाल तर ४७ प्रकरणांची पूर्ण प्रत घ्या. पहिला भाग १८६८ मध्ये आला, दुसरा १८६९ मध्ये. पहिल्या भागावर थांबलात तर मेग, ज्यो, बेथ, एमी या चौघी लहानच राहतात आणि पुस्तकातलं सगळ्यात अवघड तेवढं निसटतं. शान्ता शेळके यांच्या ‘चौघीजणी’ या अनुवादामुळे या बहिणी आपल्याकडे ओळखीच्या आहेत, म्हणून कथा सांगत बसत नाही.

गेले काही महिने मी हे पुस्तक रोज थोडं थोडं वाचते आहे. संपल्यावरही हवं ते प्रकरण काढून पुन्हा वाचते. लोक याला गोड, संस्कारी पुस्तक म्हणतात. मला मात्र ते रागाचं पुस्तक वाटतं. बाईने आपल्या रागाचं काय करायचं, हा प्रश्न त्यात सतत धुमसतो.

आठवं प्रकरण मी सगळ्यात जास्त वेळा वाचलं. नाटकाला नेलं नाही म्हणून एमी ज्योच्या परीकथांची वही जाळते. कित्येक वर्षं जीव ओतून लिहिलेल्या, दुसरी प्रत नसलेल्या कथा! दुसऱ्या दिवशी ज्यो नदीवर स्केटिंगला जाते, एमी मागोमाग येते. मधला बर्फ धोक्याचा आहे हे ज्योला कळलेलं असतं, पण ती बहिणीला सांगत नाही. एमी बर्फ फुटून पाण्यात पडते, थोडक्यात वाचते. त्या रात्री रडणाऱ्या ज्योला तिची आई, मार्मी, सांगते की मलाही जवळजवळ रोज राग येतो. चाळीस वर्षं झटून तो गेला नाही, आवरता मात्र येतो. इतक्या शांत आईच्या तोंडून हे ऐकून ज्योला धीर येतो, मलाही आला. पण नवरा ओठांवर बोट ठेवून तिला खूण करायचा, हेही तिथेच येतं, आणि ते मला दर वाचनात जास्त टोचतं.

वही जाळणारी एमी पुढे राग गिळायला शिकते. जत्रेत अपमान झाला तरी ती गोड वागते. फटकळ ज्यो मात्र मावशी-आत्यांसमोर ‘मला कुणाचे उपकार नकोत’ म्हणून बसते आणि युरोपची सफर एमीला मिळते. एमीचा मला राग येत नाही, तिने ते कमावलंय. तरी खरं बोलण्याची एवढी मोठी किंमत? शेजारचा मित्र लॉरी लग्नाचं विचारतो तेव्हा ज्यो नकार देते, तो मात्र मला पूर्ण पटतो. दोघंही तापट आणि हट्टी, हे मार्मीने आधीच ओळखलेलं असतं. ज्यो आणि लॉरीचं लग्न व्हावं असं वाचकांना कितीही वाटो, अल्कॉट बधली नाही, हे फार बरं झालं.

बहिणींच्या ‘पिकविक क्लब’ या खेळातल्या मंडळाचं प्रकरण आणि अधूनमधून येणारे उपदेश मी आता भराभर ओलांडते. बेथ मला बराच काळ दूरचीच वाटली, कारण तिला रागच नाही. मग आजारपणात समुद्रकाठी ती ज्योला सांगते की मोठी झाल्यावर काय करायचं याचे बेत मी कधी केलेच नाहीत. त्या एका वाक्याने ती जवळ आली. जिच्यावरून बेथ रंगवली ती लुइसाची धाकटी बहीण लिझी १८५८ मध्ये वारली. ती पानं वाचताना हे विसरता येत नाही.

माझं खरं भांडण ३४व्या प्रकरणाशी आहे. न्यूयॉर्कमध्ये ज्यो सनसनाटी कथा लिहून पैसे मिळवत असते. तसल्या लेखनाबद्दल तिथे ओळख झालेले प्रोफेसर भाएर नापसंती दाखवतात आणि ज्यो तीन महिन्यांचं लेखन स्वतःच्या हाताने शेगडीत टाकते. पहिल्या वेळी बहिणीने जाळलं तेव्हा घर हादरलं होतं. या वेळी कुणी हळहळतसुद्धा नाही, उलट तिची सुधारणा झाली असंच पुस्तक सुचवतं. हे मला मान्य नाही. खुद्द अल्कॉटने ए. एम. बर्नार्ड या टोपणनावाने अशाच थरारक कथा लिहिल्या होत्या, आणि तिच्या लेखणीवर घर चालायचं. संतापी, सूड घेणाऱ्या बायकांच्या तिच्या त्या कथा विसाव्या शतकात शोधून पुन्हा छापल्या गेल्या. आता त्या मिळवून वाचणार आहे.