पालो आल्टो : रणांगण पाहताना युद्धाचे कारणही विचारावे

टेक्सासच्या दक्षिण टोकाला, ब्राउन्सव्हिल शहरालगत असलेले पालो आल्टो रणांगण हे अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेने १८४६-४८ च्या अमेरिका-मेक्सिको युद्धासाठी जपलेले प्रमुख स्थळ आहे. प्रवेशाला शुल्क नाही, माहिती इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत आहे आणि अभ्यागत केंद्रापासून रणभूमीच्या दर्शनस्थळापर्यंत फरसबंद पायवाट जाते. साउथ पाद्रे बेटावर सुट्टीला जाणाऱ्या टेक्सासमधील मराठी कुटुंबांनी अर्धा दिवस येथे अवश्य काढावा. मात्र वाटेवर सावली जवळजवळ नाही, त्यामुळे उन्हाळ्यात सकाळीच पोहोचणे बरे.

८ मे १८४६ रोजी अमेरिकन जनरल टेलरच्या सुमारे २,३०० सैनिकांनी जनरल आरिस्ताच्या त्याहून मोठ्या मेक्सिकन फौजेला येथे तोंड दिले, आणि चपळाईने जागा बदलणाऱ्या अमेरिकन तोफखान्याने लढाईचा निकाल ठरवला. उंच, टोकदार गवताच्या त्या सपाट मैदानासमोर उभे राहिले की तोफांच्या माऱ्यात तासन्‌तास स्थिर राहिलेल्या मेक्सिकन शिपायांचे धैर्य पुस्तकातल्यापेक्षा अधिक कळते. उद्यानाचे मोठेपण हे की पराभूत बाजूलाही येथे आपला आवाज आहे, कारण दोन्ही देशांचा दृष्टिकोन मांडावा अशी अपेक्षा उद्यानाच्या कायद्यातच आहे.

तरीही रणांगणाचा स्वभावच असा, की लढाई कशी झाली हे डोळ्यांत भरते आणि ती का झाली हे मागे पडते. म्हणून जाण्यापूर्वी न्यूएसिस आणि रिओ ग्रांदे या दोन नद्यांमधल्या पट्ट्याचा वाद वाचून जावा. टेक्सास १८३६ मध्ये मेक्सिकोपासून फुटून स्वतंत्र झाला आणि १८४५ मध्ये अमेरिकेत सामील झाला, त्यामुळे त्याच्या सीमेचा वाद अमेरिकेचा झाला. रिओ ग्रांदे ही सीमा असल्याचा टेक्सासचा दावा बऱ्याच अंशी १८३६ मध्ये टेक्सासच्या कैदेत असलेल्या सांता आना या मेक्सिकन सेनानीने सह्या केलेल्या करारांवर उभा होता, आणि ते करार मेक्सिकोने कधीच मान्य केले नाहीत. हा पट्टा पूर्वी तामाउलिपास प्रांताकडे गणला जात असे. अशा वादग्रस्त भूमीत राष्ट्राध्यक्ष पोकने सैन्य पाठवले, २५ एप्रिलला चकमक झाली, आणि अमेरिकन भूमीवर अमेरिकन रक्त सांडल्याचे सांगून त्याने काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडे, युद्धाची मागणी केली. पण चकमकीची बातमी वॉशिंग्टनला पोहोचली ती ९ मेच्या संध्याकाळी, आणि त्याच दिवशी, ती येण्याआधीच, मंत्रिमंडळाच्या बैठकीत पोकने युद्धाचा प्रस्ताव पाठवण्याची तयारी दाखवली होती. माझ्या मते या एका घटनाक्रमाने स्वसंरक्षणाचा दावा ढासळतो.

मेक्सिको पूर्णपणे निर्दोष होता असे मी म्हणत नाही. टेक्सासचे स्वातंत्र्य नाकारण्याचा त्याचा हट्ट वास्तवाला धरून नव्हता, आणि त्या चकमकीसाठी नदी ओलांडून आले ते त्याचेच घोडेस्वार. परंतु सीमेचा वाद असणे वेगळे आणि त्या वादाच्या आधारे कॅलिफोर्नियापर्यंतचा प्रदेश मिळवणे वेगळे. १८४८ च्या तहाने मेक्सिकोला दीड कोटी डॉलर मिळाले आणि निम्म्या भूमीवर पाणी सोडावे लागले.

हा निवाडा आज मागे वळून केलेला नाही. डिसेंबर १८४७ मध्ये अब्राहम लिंकनने रक्त नेमके कोठे सांडले असा प्रश्न काँग्रेसमध्ये विचारला होता, आणि याच मैदानावर लढलेल्या आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या युलिसिस ग्रँटने आयुष्याच्या अखेरीस या युद्धाला बलाढ्य राष्ट्राने दुबळ्याविरुद्ध केलेल्या सर्वांत अन्यायी युद्धांत गणले. मुलांना घेऊन गेलात तर लिंकनचा तो प्रश्न उद्यानातील रेंजरला जरूर विचारायला सांगा.