राडारोड्याची खडी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

सांगलीत लहान बांधकामं घेतो. जुनं काँक्रीट फोडून केलेली खडी वापरायला लागून आठ महिने झाले, पण पहिल्याच महिन्यात ती बंद करणार होतो. विश्रामबागेत एका पार्किंगचा कोबा होता. मिक्सरमधून माल चांगला पातळ निघाला आणि ढकलगाडीनं नेईपर्यंत घट्ट झाला. मिस्त्रीनं वरून पाणी ओतलं. महिन्याभरात वरचा थर भुगा होऊन झाडूबरोबर निघायला लागला. पदरचे पैसे घालून तो कोबा उकरला आणि परत केला.

दोष आमच्या पद्धतीचा होता. या खडीला जुना सिमेंट-वाळूचा माल चिकटलेला असतो आणि तो पाणी ओढून घेतो. पाच किलो कोरडी खडी चोवीस तास बुडवली, फडक्यानं पुसून तोलली: ५ किलो ३१० ग्रॅम. आपली काळी खडी तशीच तोलली तर ५ किलो ६०.

आता ही खडी आधी कोरडीच मिक्सरमध्ये १५ मिनिटं फिरवतो. दगडावर दगड घासून जुना माल सुटतो. ड्रम ओतताना करडी धूळ उठते, तोंडाला फडकं हवंच. मग चाळायची, धुवायची. कोपरे घासून खडी गोलसर झालेली हाताला कळते. तिचं वजन भिजल्यावर ५ किलो २१० भरलं. आदल्या रात्री पाणी मारून ओल्या बारदानाखाली ठेवतो. सकाळी दगड आतून भिजलेला, वरून निथळलेला पाहिजे. मिक्सरमध्ये खडी, वाळू आणि अर्धं पाणी आधी, मग सिमेंट, शेवटी उरलेलं पाणी. असं केलं की सिमेंटचा दाट लेप जुन्या मालाच्या भेगांत बसतो. तेव्हापासून माल गाडीत आवळलेला नाही.

मजुरी आणि पाणी जास्त लागतं, हे खरं. पण सगळ्यात मोठा फरक घर पाडतानाच पडतो. विटा, गिलावा, पीओपी तिथंच बाजूला काढलं तर खडी निम्मी सुधारलेलीच येते. २०१९च्या महापुरानंतर आमच्या भागात माती, विटा, काँक्रीट सगळं एकाच ढिगात गेलं होतं. तसल्या मालाला कितीही घासा, उपयोग नाही.

आयएस ३८३ या खडी-वाळूच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीनुसार अशी काँक्रीटची खडी बिनसळईच्या साध्या काँक्रीटमध्ये एकूण खडीच्या २५ टक्के, एम २५ पर्यंतच्या (एम म्हणजे काँक्रीटच्या ताकदीची प्रत) आरसीसीत, म्हणजे सळईच्या काँक्रीटमध्ये, २० टक्के आणि एम १५ च्या खालच्या कामात पूर्ण चालते. मी पायाखालच्या कमी ताकदीच्या थरात (पीसीसी) पूर्ण वापरतो, कोब्यात पावभाग. स्लॅबमध्ये अजून एक घमेलंही टाकलेलं नाही. चाचणीचे काँक्रीटचे ठोकळे (क्यूब) भरून ठेवलेत, २८ दिवसांनी फोडल्यावर ठरवेन.