हद्दवाढ, प्राधिकरण की संयुक्त कंपनी? शहरालगतच्या गावानं हात वर करण्याआधी

गाव कोल्हापूरच्या वेशीवरचं असो, पुण्याजवळचं असो नाहीतर कल्याणच्या कडेचं, गाऱ्हाणं एकच. नोकरी शहरात, घर गावात, कारखाने मधल्या एमआयडीसीत. रस्ता, ड्रेनेज आणि पाण्याची लाइन मात्र हद्द संपते तिथंच संपते. शेजारच्या महापालिकेशी जुळवून घेतल्याशिवाय गावाचा धंदापाणी वाढत नाही, हे आता सगळ्यांना पटलंय. जुळवून घ्यायचं कसं, यावरच भांडण आहे.

आपल्याकडे तीन वाटा आहेत: हद्दवाढीत जाणं, प्राधिकरणाखाली (म्हणजे नियोजन आणि बांधकाम परवाने बघणाऱ्या सरकारी संस्थेखाली) येणं, किंवा आपली ग्रामपंचायत राखून एखाद्या कामापुरती शेजाऱ्यांशी भागीदारी करणं. ग्रामसभेत ज्यांना यावर मत द्यायचंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझी कसोटी आधीच सांगतो. कराचा पैसा कुणाच्या तिजोरीत जमा होणार आणि आपण निवडून दिलेला माणूस निर्णयाच्या बैठकीत बसणार की नाही, हे दोन प्रश्न मी प्रत्येक वाटेला विचारतो.

हद्दवाढ

हद्दवाढ मागणाऱ्यांचं म्हणणं खोटं नाही. कोल्हापूरची 1972 मध्ये महापालिका झाली, पण हद्द होती तेवढीच राहिली, सुमारे 67 चौरस किलोमीटर. शहर वाढलं ते पाचगाव, कळंबा, मोरेवाडी, उचगावच्या अंगानं. तिथं आता अपार्टमेंट उभी आहेत आणि त्यांचं सांडपाणी नेण्याचं काम ग्रामपंचायतीच्या आवाक्याबाहेरचं आहे. मुख्य ड्रेनेज लाइन आणि मैलापाणी शुद्धीकरण केंद्र या गोष्टी चौदा-पंधरा सदस्यांच्या पंचायतीच्या बजेटात बसत नाहीत. एकच विकास आराखडा आणि एकच यंत्रणा असली तर निदान जबाबदार कोण, हे तरी कळतं.

पण ठराव करण्याआधी पुण्याकडं बघावं. तिथं 2017 मध्ये 11 गावं महापालिकेत गेली आणि 30 जून 2021 ला आणखी 23. मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली, प्रशासक आला, आणि निवडणूक झाली ती थेट जानेवारी 2026 मध्ये. या 23 गावांची ग्रामपंचायत गेली होती आणि हक्काचा नगरसेवक मिळाला नव्हता. गटार तुंबलं तर जायचं कुणाकडं? त्यात या गावांसाठी नियोजनाचे आणि बांधकाम परवानगीचे अधिकार पीएमआरडीएकडं, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडं, ठेवले. म्हणजे विकास शुल्क प्राधिकरणाकडं आणि रोजचा कचरा, पाणी, दिवाबत्ती महापालिकेच्या गळ्यात. ज्याच्याकडं पैसा त्याच्याकडं काम नाही, आणि ज्याच्याकडं काम त्याच्याकडं पैसा नाही, अशी व्यवस्था कुठल्याच गावानं डोळे झाकून पत्करू नये.

उरुळी देवाची आणि फुरसुंगीचं तर सगळ्यांनाच माहीत आहे. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं त्यांच्या उशाशी येऊन पडला, मग गावं शहरात घेतली, मिळकतकराची बिलं आली आणि सोयींची वाट बघण्यातच वर्षं गेली. लोकांनी इतका विरोध केला की शेवटी दोन्ही गावं महापालिकेतून काढून त्यांची वेगळी नगरपरिषद करावी लागली. कल्याणच्या 27 गावांचं त्याहून वाईट. 1983 मध्ये महापालिकेत, 2002 मध्ये बाहेर, 2015 मध्ये परत आत, 2020 मध्ये त्यातली 18 पुन्हा वेगळी करण्याचा निर्णय, आणि त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयानं तो रद्द केला. अशा अनिश्चिततेत कारखानदार जागा घेताना दहा वेळा विचार करतो.

घरफाळ्याबद्दल एक गैरसमज आहे. तो पहिल्याच वर्षी शहराइतका होत नाही, टप्प्याटप्प्यानं चढतो. पण चढतो हे नक्की. सोयीही त्याच टप्प्यानं येतील, असं मात्र कुणी लिहून देत नाही. आणि गाव शहरी झालं की रोजगार हमी, ग्रामीण घरकुल या योजना बंद होतात. मजुरीवर जगणाऱ्या घरांना हा फटका पहिला बसतो, आणि ग्रामसभेत त्यांचंच बोलणं सगळ्यात कमी ऐकलं जातं.

प्राधिकरण

कोल्हापुरात 2016 मध्ये हद्दवाढीवरून शहर आणि गावं समोरासमोर उभी राहिली. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींवर दोघांचाही डोळा होता आणि कारण एकच, कर. 2017 मध्ये तोडगा म्हणून 42 गावांचं प्राधिकरण आलं. ग्रामपंचायती राहिल्या, बांधकाम परवाने प्राधिकरणाकडं गेले. गावाची ओळख टिकली आणि कर हातात राहिला, ही जमेची बाजू. अध्यक्ष पालकमंत्री. पैसा आणि माणसं मात्र तुटपुंजी, त्यामुळं बहुतेक गावकऱ्यांना प्राधिकरण आठवतं ते परवान्याच्या फाइलपुरतं.

लोक लगेच एमएमआरडीएचं, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचं, उदाहरण देतात. पण 1975 मध्ये स्थापन झालेल्या त्या संस्थेच्या हाती वांद्रे-कुर्ला संकुलाची जमीन होती. ती दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यानं देऊन उड्डाणपूल आणि मेट्रोसाठी पैसा उभा राहिला. पुण्यात पीएमआरडीएनं हिंजवडी ते शिवाजीनगर मेट्रो हाती घेतली. माण-हिंजवडीच्या कुठल्याही ग्रामपंचायतीला ते शंभर वर्षांत जमलं नसतं. म्हणून प्राधिकरण येतंय म्हटल्यावर पहिला प्रश्न हाच विचारावा: तुमच्याकडं जमीन किती आणि भांडवल किती? उत्तर मोघम असलं तर तुम्हाला नवा रस्ता मिळणार नाही, परवान्यासाठी नवं ऑफिस मिळेल. शिवाय या मोठ्या प्राधिकरणांचे अध्यक्ष मुख्यमंत्री किंवा नगरविकास मंत्री असतात. सरपंच तिथून फार लांब राहतो.

कामापुरती भागीदारी

ही वाट सगळ्यात कमी चर्चेत असते आणि मला तीच सगळ्यात जास्त पटते. ठाण्याची ‘स्टेम’ कंपनी बघा. ठाणे, भिवंडी-निजामपूर आणि मीरा-भाईंदर या महापालिका आणि ठाणे जिल्हा परिषद, असे चौघे तिचे मालक. उल्हास नदीतून पाणी उचलायचं, शुद्ध करायचं आणि चौघांना पुरवायचं. इथं महत्त्वाचं काय, तर जिल्हा परिषद भागीदार आहे. गावांना पाणी मिळतं ते कुणाच्या मेहेरबानीनं नाही, मालकीच्या हक्कानं. पुण्याची बस चालवणाऱ्या पीएमपीएमएल कंपनीचंही तसंच. 2007 मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या बससेवा एकत्र झाल्या, हिस्सा 60 आणि 40 टक्के, तोटाही त्याच प्रमाणात. संचालक मंडळावर दोन्हीकडचे पदाधिकारी आणि आयुक्त. भांडणं होतात, पण ती कुठल्या टेबलावर करायची, हे ठरलेलं आहे.

हिस्सा नसला की काय होतं, ते केएमटीच्या बाबतीत दिसतं. कोल्हापूरची ही बस गावोगाव जाते, तोटा महापालिका सोसते. हद्दवाढीचा वाद पेटला की “गावांची केएमटी बंद करा” ही मागणी येते. गाव भागीदार असतं तर कॉलेजला जाणाऱ्या पोरींची बस कुणाला भांडणातलं हत्यार करता आली नसती.

या वाटेची मर्यादा स्पष्ट आहे. एक कंपनी एकच काम करते. पाणी झालं की कचऱ्याचं काय, हा प्रश्न उरतोच. आणि विश्वास नसेल तर सुरुवातच होत नाही. पंचगंगा हे त्याचं जिवंत उदाहरण. कोल्हापूरचे नाले नदीत मिसळतात आणि ते पाणी खाली इचलकरंजीकडं जातं. 2012 मध्ये इचलकरंजीत काविळीच्या साथीत माणसं दगावली. मग इचलकरंजीनं दूधगंगा नदीवरची सुळकूड पाणी योजना मागितली, तर काठावरच्या गावांनी आमच्या शेतीचं पाणी जाईल म्हणून विरोध केला. योजना आखण्याआधी त्या गावांना भागीदार करून, पाण्याचा हिशेब त्यांच्यासमोर मांडला असता तर गोष्ट इतकी ताणली नसती, असं मला मनापासून वाटतं.

कराचं भांडण मिटवण्याची एक रीत अमेरिकेत मिनेसोटानं 1971 च्या कायद्यानं घालून दिली आहे. मिनियापोलिस-सेंट पॉल भागातल्या सात काउंट्यांत व्यापारी आणि औद्योगिक मालमत्तेच्या करपात्र मूल्यात जी वाढ होते, तिचा 40 टक्के भाग सामायिक खात्यात जातो आणि गरजेप्रमाणे वाटला जातो. कारखाना कुणाच्याही हद्दीत आला तरी शेजाऱ्याला वाटा मिळतो. शिरोली कुणाची, हे भांडण अशा सूत्रानं पुष्कळ निवळेल.

मग निवड कशी करायची? गावात शेती जवळपास उरली नसेल, अपार्टमेंट झाली असतील आणि ड्रेनेज हीच रोजची डोकेदुखी असेल, तर हद्दवाढ टाळून फार काही साधणार नाही. पण निवडणुकीच्या तोंडावर नव्या प्रभागरचनेसकटच आत जा, मधल्या काळात नाही. शेती टिकून असेल आणि रिंगरोड किंवा एमआयडीसी येऊ घातली असेल, तर ग्रामपंचायत राखा, प्राधिकरण चालेल. विकास शुल्काचा ठरावीक हिस्सा गावातच खर्च होईल, एवढं मात्र आधी मान्य करून घ्या. आणि दुखणं फक्त पाणी, बस किंवा कचऱ्याचं असेल, तर आजूबाजूच्या पाच-सहा गावांनी मिळून जिल्हा परिषदेला पुढं करा आणि महापालिकेकडं कंपनीत हिस्सा मागा. ठरावात चार गोष्टी आकड्यानिशी लिहा: हिस्सा किती, संचालक किती, तोटा कुणी किती भरायचा, आणि बाहेर पडायचं झालं तर किती महिन्यांची नोटीस.